प्लेटमागची वीतभर जागा

माझ्या भावाला सगळी गल्ली पाल म्हणायची. लहान मुलं पालदादा म्हणायची, मोठी माणसं नुसतंच पाल, आणि मी रागावले की मीसुद्धा. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. कुणी नवीन माणसाने बिचकत नाव विचारलं तर तोच सांगायचा, "पाल. भिंतीवर असतो." त्यामुळे मी आपोआप पालीची बहीण झाले. लग्न करून गेले, नवरा गेल्यावर परत याच गल्लीत राहायला आले, तरी माझी ओळख काही बदलली नाही.

भिंत म्हणजे आमच्या घरांच्या मागचा कडा. कधीकाळी इथे दगडाची खाण होती आणि अर्धं गाव त्या दगडाने बांधलं गेलं. दगड काढता काढता शेवटी एक उभा कातळ उरला आणि त्याच्या पायथ्याशी सपाट मोकळी जागा. सपाट जागा दिसली की माणसाला राहवत नाही. तशी आमची गल्ली झाली. रस्त्याच्या कडेला घरं, घरांच्या मागे हातभर अंगण, धुण्याचा दगड, दोरीवर कपडे, आणि अंगण संपलं की थेट कडा. अंगणात उभं राहून त्याचा माथा बघायचा तर मान दुखून यायची. ज्यांनी ही घरं बांधली त्यांनी मान वर करून बघितलंच नसणार, असं मी अजूनही म्हणते.

कातळ दिसायला अखंड, पण आतून पापुद्र्यापापुद्र्याचा होता. पुढचा पापुद्रा मागच्यापासून सुटायला लागला तेव्हा बांधकाम खात्याला जाग आली. कड्याला भोकं पाडून पोलादी सळ्या रोवायचं ठरलं. खातं त्यांना अँकर म्हणायचं, आम्ही सळ्याच म्हणायचो. दोन माणसं एकापुढे एक झोपतील एवढं खोल भोक, त्यात अंगठ्याहून जाड सळई, भोवती पातळ सिमेंट ओतलेलं, आणि तोंडाशी चौकोनी लोखंडी प्लेट, तिच्यावर नट आवळलेला. अशा सळ्यांनी सगळा कडा शिवून काढायचा होता. त्यासाठी दोरावर लोंबकळणारी हलकी माणसं हवी होती. दादा तेव्हा मिसरूड फुटलेला, अंगाने काडी, आणि भीती म्हणजे काय ते त्याच्या गावीही नव्हतं. त्याला घेतलं.

मी खाली अंगणात उभी राहून बघायची. एवढाल्या डोंगराला एवढीशी सळई कशी धरणार, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरायचं नाही. एकदा विचारलं तर दादा म्हणाला, "डोंगर कुठे धरते गं छोटे? ती फक्त पुढच्या पापुद्र्याला मागच्यापासून सुटू देत नाही. सगळे पापुद्रे एकमेकांना चिकटून राहिले की कातळ आपला आपण उभा राहतो." मला ते फार आवडलं. अजूनही आवडतं. एवढं अजस्र काहीतरी आणि त्याला फक्त सुटू द्यायचं नाही, एवढंच काम.

काम संपलं, बाकीची माणसं दुसऱ्या कामांवर गेली. दादा मात्र कड्याच्या देखभालीला राहिला तो राहिलाच. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "घरी भिंत आहे, तिला चालायचं नाही." लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही, कारण त्याची भाकरी मी भाजायची आणि त्याचं प्रेम भिंतीला.

त्याची तपासणीची रीत ठरलेली होती. माथ्यावरच्या खांबाला दोर बांधायचा आणि प्लेटमागून प्लेट खाली उतरत यायचं. प्रत्येक प्लेटवर हातोडीने टकटक करायची, कान लावायचा, मग नटावर पाना चढवून जोर लावून बघायचा. नट हलला नाही की पुढची प्लेट. आणि हे सगळं इस्त्रीच्या शर्टात. नुसतं इस्त्रीच्या नाही, बाह्यांना धार असलेल्या. गल्लीतल्या पोरी कामाला निघताना एवढ्या नटत नव्हत्या जेवढा हा दगडाला लोंबकळायला नटायचा.

शर्टांना इस्त्री करायची ती आमच्या शेजारची इस्त्रीवाली आजी. तिचं घर कड्याला सगळ्यांत जवळ, मागची भिंत जवळजवळ टेकलेलीच. तिला एव्हाना फारसं दिसत नव्हतं, पण बोटांनी कापडाची सुरकुती शोधायची आणि इस्त्री बरोबर तिच्यावरून फिरवायची. दादा तिच्या घरामागच्या कड्यावर उतरला की ती अंगणात येऊन ओरडायची, "काय म्हणते रे भिंत?" दादा वरून ओरडायचा, "घट्ट आहे आजी!" मग आजी आत जाऊन इस्त्री हातात घ्यायची. दादा घट्ट म्हणाला म्हणजे विषय संपला, असं सगळ्या गल्लीचंच होतं. वारा सुटला, पाऊस झोडपू लागला, कड्यावरून बारीकसारीक खडे घरंगळले, तरी आम्ही गाढ झोपायचो. आम्ही सळ्यांच्या नाही, दादाच्या भरवशावर झोपत होतो.

कड्यावर एकच गोष्ट दादाच्या डोळ्यात सलायची. प्रत्येक प्लेटखाली गंजाचा तपकिरी ओघळ यायचा. कातळातलं पाणी सळईच्या तोंडाशी झिरपायचं आणि प्लेटच्या खालच्या कडेने गळायचं. दादा म्हणायचा, "नाक न पुसलेली पोरं रांगेत उभी केल्यासारखी दिसतात." शिवाय तो थेंब वाऱ्याने उडून आजीच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडायचा, आणि आजीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. दादा पडला टापटिपीचा. जोडे सुद्धा पट्टीने आखल्यासारखे ठेवणारा माणूस. त्याने एका मोसमात सगळ्या प्लेटा खरवडल्या, रंगवल्या, आणि प्रत्येक प्लेटच्या चारी कडांना सिमेंट-वाळू ठासून वर बोटाने गुळगुळीत हात फिरवला. जुने ओघळ ब्रशने घासून काढले. कडा असा दिसायला लागला की लांबून माणसं बघायला आली. खात्याच्या साहेबांनी पाठ थोपटली. आजीच्या चादरी पांढऱ्याशुभ्र राहू लागल्या. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या वर्षांत दादा एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगायचा. "छोटे, नट दरवर्षी जास्तच घट्ट लागतात. पूर्वी पाना थोडा तरी हलायचा, आता हूं की चूं नाही. टकटक केली की आवाजही कसा खणखणीत. भिंत मुरत चालली." मी म्हणायची, "मुरतेय, मुरतेय. तुझे गुडघेही मुरतायत, आता उतर खाली." पण मनातून मलाही बरं वाटायचं. माणूस म्हातारा होत होता आणि त्याचं काम मात्र दरवर्षी पक्कं होत होतं. असं भाग्य कुणाला मिळतं?

मग एके दुपारी आम्ही चहा पीत बसलो होतो आणि मागे मोठा आवाज झाला. आधी बंदुकीचा बार उडावा तसा, मग खणकन. दादाने कप कुठे टाकला मला माहीत नाही. मी मागच्या दाराशी पोचेपर्यंत तो आजीच्या अंगणात उभा होता. आजी धडधाकट होती, आणि बादलीतल्या धुतलेल्या कपड्यांत कोणी काय टाकलं म्हणून जगाचा उद्धार करत होती. बादली एका बाजूने चेपली होती. दादाने ओल्या कपड्यांत हात घातला आणि प्लेट बाहेर काढली. रंग अजून तकतकीत होता. नट जागच्या जागी बसलेला. आणि नटाच्या मागे सळईचा वीतभर तुकडा, नटापाशी अंगठ्याएवढा जाड, मग बारीक होत होत टोकाला तासलेल्या पेन्सिलीसारखा.

दादाने खिशातून पाना काढला आणि तिथेच नट फिरवून बघितला. नट हलला नाही. तो धुण्याच्या दगडावर बसला.

"नट अजून घट्ट आहे," तो म्हणाला.

"मग तुटली कशी?" मी विचारलं. तो उठला, दोर घेतला, आणि छिन्नी-हातोडी कमरेला खोचून वर गेला. पहिल्यांदाच त्याने शर्ट बदलला नाही.

शेजारच्या प्लेटशी त्याने खालच्या कडेचं आपलंच गुळगुळीत सिमेंट फोडलं. क्षणभर काही झालं नाही. मग प्लेटमागून लाल-तपकिरी पाणी धार धरून बाहेर आलं. एवढ्याशा प्लेटमागे एवढं पाणी मावतं कसं? ते कातळावरून वाहत खाली आलं आणि त्याच्याबरोबर गंजाच्या खपल्या, कांद्याच्या सालींसारख्या, एकीवर एक चढलेल्या. मी हात पुढे केला तर दोन माझ्या हातावर पडल्या आणि बोटांत धरताच त्यांची भुकटी झाली. लोखंडाची भुकटी. अख्खा कडा ज्यावर टांगला होता ते माझ्या चिमटीत मोडलं.

दादा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा सिमेंटच्या रंगाचा झाला होता. बोलला तेव्हा फार हळू बोलला.

"लोखंड गंजलं की फुगतं, छोटे. मूळच्या कितीतरी पट जागा घेतं. प्लेटमागे गंज फुगत गेला आणि त्यानं प्लेटला बाहेर रेटलं. म्हणून पाना हलत नव्हता, म्हणून आवाज खणखणीत. मी म्हणायचो, मुरतेय. ती गळ्याशी सडत होती आणि सुजत होती, आणि मी सुजेला घट्ट म्हणत होतो."

"पण गंज तर आधीही होता."

"आधी पाणी गळून जायचं. ते मी कोंडलं. चादरी खराब होतात म्हणून."

तो तिथे थांबला नाही. प्लेट आणि तुकडा हातात घेऊन तो गल्लीच्या पहिल्या घरापासून दार ठोठावत निघाला. घरं सोडा, आत्ताच्या आत्ता सोडा, सामानाचं मागून बघू.

आणि लोक हलेनात! त्याच्या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास की त्याचाच शब्द त्यांना पटेना. शिंपी म्हणाला, "अरे पाल, गेल्या खेपेला तूच म्हणालास ना, पूर्वीपेक्षा घट्ट?" बेकरीवाल्याने चेष्टाच समजली. एकीने तर दादाच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला. मला एरवी हसू आलं असतं. दादा प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणत होता, "मी चुकलो." आयुष्यभर बाहीची घडी चुकू न देणारा माणूस, आणि घरोघरी जाऊन भीक मागावी तसं ते सांगत होता. मी त्याच्या मागे मागे चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

शेवटी आजीच्या घरात फासा पलटला. आजी म्हणाली, "तू घट्ट म्हणालास, मग घट्ट आहे. मी कुठे जात नाही." दादाने तो सळईचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. आजीने नटापासून सुरुवात केली आणि बोटं पुढे नेली. जाड, बारीक, अजून बारीक, मग काहीच नाही. ती परत मागे गेली, परत पुढे आली. मग तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "माझी ट्रंक कुणीतरी धरा." आजी निघाली म्हटल्यावर गल्ली निघाली. अंधार पडायच्या आत सगळे वरच्या रस्त्यावरच्या शाळेत होते.

खात्याने इंजिनीयरबाई पाठवल्या. कुणीतरी दगडासारखं कठोर माणूस समोर येईल अशी तयारी आम्ही ठेवली होती, पण बाई सरळ स्वभावाच्या निघाल्या. दादावर ओरडल्या नाहीत, त्याला गोंजारलंही नाही. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितलं. बहुतेक सळ्यांची तोंडाजवळची वीतभर गेली आहे, हे दिसतंच आहे. प्रश्न आतल्या लांबीचा आहे. आतही गंज शिरला असेल तर कडा वाचवता येणार नाही, तो मुद्दाम पाडावा लागेल आणि गल्ली त्याखाली जाईल. आत पोलाद धड असेल तर त्यालाच नवीन मान, म्हणजे तोंडाकडचा नवा तुकडा, जोडता येईल. "बाहेरून मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "एक सळई कातळासकट बाहेर काढून बघावी लागेल."

दादाने विचारलं, "आत काय दिसेल असं वाटतं तुम्हाला?"

"खरं सांगू? मलाही उत्सुकता आहे," बाई म्हणाल्या.

तुटलेल्या सळईच्या शेजारची निवडली. क्रेनच्या पाळण्यात माणसं चढली आणि पोकळ ड्रिल सळईभोवतीचा कातळ गोल कापत आत जायला लागलं. मधे सळई, भोवती सिमेंट, त्याच्याभोवती दगड, असा दंडगोल तुकड्यातुकड्याने बाहेर येत होता. शाळेतली बाकं आणून गल्लीच्या तोंडाशी मांडली आणि त्यांवर ते तुकडे बाहेरून आत अशा क्रमाने एकापुढे एक ठेवले. दादा एकदाही वर बघत नव्हता. सगळी गल्ली दोरीच्या पलीकडे उभी होती.

मग पाचर मारून पहिला तुकडा उघडला. तोंडाकडचा. तिथे सिमेंट नव्हतंच. ओतलेलं सिमेंट बसताना खाली गेलं होतं आणि वीतभर पोकळी राहिली होती, तिच्यात काळपट लाल चिखल, आणि चिखलात सळईची ती पेन्सिल. माझ्या मागे कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. बाईंनी दुसरा तुकडा घेतला. पाचर, एक ठोका. दगड उकलला, सिमेंट उकललं, आणि आत सळई.

निळी. मला दुसरा शब्द सापडत नाही. कारखान्यातून येते तशी निळसर काळी, कडक, तिच्यावरच्या उंचवट्यांच्या कडा धारदार, आणि सिमेंटमध्ये त्या उंचवट्यांचे ठसे इतके स्वच्छ की आताच कोणी उमटवले असावेत. गंजाचा ठिपका नव्हता. बाईंनी पुढचा तुकडा उघडला, त्याच्या पुढचा. तीच निळी. दादा ज्या दिवशी दोरावर लोंबकळून ही सळई आत ढकलत होता त्या दिवसापासून ती अंधारात पडून होती, आणि तिचं वय वाढलंच नव्हतं. इकडे दादाचे केस गेले, गुडघे गेले, मी बायको झाले, विधवा झाले, आई-वडील गेले, गल्लीतली पोरं आजोबा झाली. आणि ही दगडाच्या पोटात जशीच्या तशी. मला एकदम लहान वाटायला लागलं, आणि त्या लहान वाटण्यात फार मोठा आनंद होता.

"सिमेंटचा गुण," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. "सिमेंट पोलादाला सगळीकडून चिकटलेलं असलं की पोलादावर एक बारीकशी कातडी धरते. ती असेपर्यंत गंज चढत नाही. जिथे सिमेंट नाही आणि पाणी आणि हवा दोन्ही आहेत, तिथेच चढतो." मग त्यांनी एका तुकड्यावर बोट ठेवलं. "हे बघा." तिथे कातळाची चीर सळईला आडवी गेली होती. पापुद्रा सुटत होता तो इथेच. सिमेंटलाही केसाएवढा तडा गेला होता, पाणी शिरलं होतं, सळईवर तपकिरी छटा आली होती. पण पुढे काही झालं नव्हतं, कारण त्याच तड्यात सिमेंटमधला चुना पाण्याने सुटून साचला होता आणि त्याने तो तडा पांढऱ्या रेघेने बुजवून टाकला होता. कुणी न सांगता, कुणी न बघता.

दादा पुढे आला. त्याने आधी पँटला हात पुसले. मग त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं, मग निळ्या पोलादावरून. कितीतरी वेळ. "ही आमची आहे," तो म्हणाला. "आम्ही घातली होती." आणि तो सगळ्यांसमोर रडला. त्याला रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

पण बघून भागत नव्हतं, ओढून बघायचं होतं. दुसऱ्या एका सळईभोवतीचा कातळ धड पोलाद लागेपर्यंत फोडला, तिला आटे पाडून नवीन तुकडा जोडला आणि त्याला ओढणारा जॅक लावला. जॅकचा काटा चढायला लागला. पाळण्यातला माणूस आकडे ओरडून सांगत होता आणि आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं, फक्त ते वाढतायत एवढं कळत होतं. दादा डोळे मिटून उभा. बाईंच्या चेहऱ्याकडे बघावं म्हटलं तर त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजेना. काटा ठरलेल्या खुणेपर्यंत गेला, पुढे गेला, आणि तिथे थांबवून ठेवला. सळई तसूभरही हलली नाही. कड्याने ती दाताखाली धरली होती. सोडायचं नावच घेईना.

पुढचे कितीतरी महिने काम चाललं. सगळ्याच सळ्या काही तशा भाग्यवान नव्हत्या. काहींना आत सिमेंट पोचलंच नव्हतं, त्या निकामी निघाल्या आणि त्यांच्या शेजारी नवीन भोकं पडली. बाकीच्यांना नवीन माना आल्या. मागची पोकळी सिमेंटने गच्च भरली, नटावर ग्रीस भरलेल्या टोप्या बसल्या, आणि कातळातल्या पाण्याला बाहेर पडायला वेगळ्या नळ्या ठेवल्या. दादा रोज जाऊन उभा राहायचा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी जा म्हणालं नाही. बाई एखादी पोकळी भरायच्या आधी त्याला आत टॉर्च मारून बघू द्यायच्या.

मग एक दिवस बाईंनी सगळ्यांना गल्लीच्या तोंडाशी बोलावलं. सामान आणलेलंच होतं. गाद्या, भांडी, शिंप्याचं मशीन, आजीची ट्रंक. बाईंनी कोणत्या सळ्यांची काय परीक्षा झाली ते समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही आता आपापल्या घरी जाऊ शकता."

कुणीही हललं नाही. बाईंना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं. सगळी गल्ली दादाकडे बघत होती. आणि दादा आपल्या जोड्यांकडे.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलं ना? तेच खरं."

इस्त्रीवाली आजी ट्रंकेवर बसली होती, मांडीवर इस्त्री. तिला दादा कुठे उभा आहे ते आवाजावरून कळलं. ती म्हणाली, "बाई शिकलेली आहे, ती खोटं कशाला सांगेल. पण भिंतीला माझं घर टेकलंय, आणि मी तुझ्या शब्दावर झोपत आले. तू सांग."

"आजी, माझाच शब्द खोटा निघाला," दादा म्हणाला. "तुमच्या डोक्यावर पडता पडता राहिलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

"त्याच तोंडानं," आजी म्हणाली. "चुकलास तेव्हा दारोदार येऊन सांगितलंस, मी चुकलो म्हणून. लपवलं असतंस तर आम्हाला काय कळणार होतं? म्हणून तर तुलाच विचारते. आत काय आहे ते बघितलंस का?"

"बघितलं."

"डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी बघितलं, बोटांनी चाचपलं. आतलं पोलाद निरोगी आहे, आजी. मान नवीन आहे. पण नुसतं ठोकून कधीच कळणार नाही, दरवर्षी काही सळ्या ओढून बघाव्या लागतील. आणि मला काही शंका आली तर मी परत दारात येईन. तेव्हा हुज्जत घालायची नाही."

"नाही घालणार. मग, जाऊ मी घरी?"

दादाने कड्याकडे बघितलं. खालपासून माथ्यापर्यंत, हळूहळू, मान पूर्ण मागे जाईपर्यंत. मला वाटलं तो आता नाही म्हणणार.

"जा," तो म्हणाला.

"मग उभा काय राहिलास? ट्रंक उचल," आजी म्हणाली आणि हात पुढे केला.

दादाने ट्रंक खांद्यावर घेतली, दुसऱ्या हाताने आजीला धरलं आणि तो गल्लीत शिरला. मागून शिंप्याने मशीन उचललं.